‘उन्हाळी’, किडनीचा ताप आणि फळीवरची चार व्हिटॅमिनं

पत्र थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या आईची मुलगी साडेपाच वर्षांची आहे. तिला थंडी वाजून ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, म्हणून व्हायरल असेल असं धरून चार दिवस तापाचं औषध दिलं. मध्येच एकदा ती ‘शू करताना दुखतं’ म्हणाली. घरात सगळ्यांचं मत पडलं की उन्हाळी लागली असणार, म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. पाचव्या दिवशी उलट्या झाल्या आणि उजव्या कुशीत दुखू लागलं. लघवीच्या कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) ई. कोलाय हा जंतू निघाला, सोनोग्राफीत उजवी किडनी सुजलेली दिसली. तीन दिवस इंजेक्शनं झाली, मग घरी आल्यावर तोंडाने अँटिबायोटिक. एकूण दहा दिवसांतला आज आठवा. ‘किडनीवर डाग राहिलाय का ते चार-सहा महिन्यांनी स्कॅन करून बघू,’ असं डॉक्टर म्हणाले आणि त्या दिवसापासून या आईला झोप नाही.

नणंदेच्या वाचनात आलं की व्हिटॅमिन ए, ई आणि सी दिली तर डाग पडत नाही. तिने मल्टिव्हिटॅमिनचं सिरप, एच्या २५,००० युनिटच्या कॅप्सूल, ईच्या ४०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आणि सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या मागवून दिल्या. सासूबाई म्हणतात, ताप गेलाय, अँटिबायोटिक उष्ण पडतं, ते बंद करा आणि आता ताकदीचं द्या. डॉक्टरांना विचारलं तर ‘काही गरज नाही’ एवढंच उत्तर मिळालं. सिरप परवापासून सुरू केलंय. ‘बाकीची तीनही देऊ का? नाही दिली आणि डाग राहिला, तर मी स्वतःला काय सांगू?’ आणि खाली घाईघाईने लिहिलेली एक ओळ: ‘कालपासून लघवी पिवळीजर्द होतेय, परत इन्फेक्शन झालं का?’

उत्तर

आधी आज रात्रीचं बोलू, बाकीचं सावकाश. अँटिबायोटिक थांबवू नका. उरलेल्या दोन दिवसांचे डोस वेळेवर जाऊ द्या. ए, ई आणि सी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवा, मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी. सीच्या गोळ्या तर नक्कीच. त्या लिमलेटच्या गोळ्यांसारख्या लागतात, आणि साडेपाच वर्षांच्या जिभेला औषध आणि लिमलेट यातला फरक समजावून काही उपयोग नसतो.

आता नणंदबाईंबद्दल. त्यांच्यावर चिडू नका. त्यांनी जे वाचलं ते हवेतलं नाही. किडनीत जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी धावतात आणि लढताना जी रसायनं सोडतात त्यांनी जंतूंबरोबर किडनीचा नाजूक भागही भाजून निघतो. तो भाजलेला भाग भरून येताना कधीकधी वण राहतो, तोच हा डाग. म्हणजे नुकसान जंतूंइतकंच त्या धुमश्चक्रीमुळेही होतं. ए, सी आणि ई ही व्हिटॅमिनं हा भडका शमवतात, शिवाय आतड्याची, डोळ्याची, लघवीच्या मार्गाची अस्तरं धड राहायला ए लागतंच. त्यात आणखी भर अशी, की जोराचा ताप असताना शरीरातलं ए लघवीवाटे वाया जातं. तेव्हा ‘अँटिबायोटिकच्या जोडीला व्हिटॅमिन देऊन बघू’ हा विचार डॉक्टरांनाच सुचला. त्यावर अभ्यास झाले, बरेचसे इराणमधल्या मुलांच्या रुग्णालयांत. ए दिलेल्या मुलांमध्ये पुढे स्कॅनवर डाग कमी दिसले, असं त्यातल्या काहींचं म्हणणं आहे.

मग द्यायला हरकत काय? इथे थोडं थांबावं लागतं.

हे अभ्यास लहान आहेत. एकेका रुग्णालयातली काही डझन, फार तर शे-दीडशे मुलं. कुणी एकच मोठा डोस दिला, कुणी दहा दिवस रोज थोडा. त्यामुळे त्यातून ‘इतकं द्या, इतके दिवस द्या’ असा ठाम हिशेब निघत नाही. ईचा एक अभ्यास मला बोलका वाटतो. किडनीचं इन्फेक्शन झालेल्या मुलींना अँटिबायोटिकबरोबर ई दिलं, तेव्हा ताप, घाईची लघवी, सारखं सारखं जाणं या तक्रारी कमी झाल्या. मुलींना बरं वाटलं, यात खोटं काही नाही. पण लघवीचं कल्चर आणि किडनीचा स्कॅन दोन्ही गटांत सारखेच आले. तुमची झोप तक्रारींनी उडालेली नाही, डागाने उडाली आहे, आणि डागावर ईने काही केलं नाही.

नणंदबाईंच्या वाचनातून बहुधा एक गोष्ट निसटली असावी. या अभ्यासांत व्हिटॅमिन अँटिबायोटिकच्या जोडीला होतं, त्याच्या जागी कुणीच दिलं नव्हतं. आणि ते सुरू केलं होतं आजाराच्या पहिल्या दिवसांत, किडनीत आग भडकलेली असताना. तुमची लेक आठव्या दिवशी आहे. तिचा ताप उतरलाय, ती खेळतेय, तुमच्याच पत्रात लिहिलंय की काल तिने पोळीबरोबर गूळ मागून घेतला. आग विझल्यावर बंब बोलावून अंगण तेवढं ओलं होतं.

सासूबाईंचं ‘अँटिबायोटिक उष्ण पडतं’ हे मी रोज ऐकते आणि त्यावर हसत नाही. तोंड येतं, पोट बिघडतं, मूल चिडचिडं होतं, त्यालाच त्या उष्णता म्हणतात. त्यासाठी ताक द्या, दहीभात द्या. पण ताप गेला म्हणजे जंतू गेले असं होत नाही. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत बहुतेक मुलांचा ताप उतरतो, किडनीच्या आतलं काम मात्र पुढे चालू असतं. म्हणून सात ते चौदा दिवसांचा कोर्स असतो. तुमच्या डॉक्टरांनी दहा सांगितले आहेत, ते दहा होऊ द्या.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते एक गृहीत. ते तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, पण ओळीओळीत आहे: व्हिटॅमिन म्हणजे जेवणाचाच अर्क, लागलं तर लागलं, नाहीतर निघून जाईल. जेवणातलं व्हिटॅमिन तसं असतंही. गाजर, लाल भोपळा, पपई, शेवग्याचा पाला यांतून शरीर हवं तेवढंच ए बनवतं. जास्त झालं तर तळहात पिवळट दिसतात, बाकी काही होत नाही. कॅप्सूलमधलं ए तयार असतं आणि ते यकृतात साठत जातं. या वयाच्या मुलांना असं तयार ए रोज ३,००० युनिटच्या वर जाऊ नये अशी मर्यादा अमेरिकेत घातलेली आहे. तुमच्या हातातल्या एका कॅप्सूलमध्ये त्याच्या आठपटीहून जास्त आहे. अशी रोज दिली तर डोकेदुखी, उलट्या, डोक्यातला दाब वाढणं, यकृताला सूज, इथपर्यंत मजल जाते. गंमत (गंमत कसली!) अशी की उलट्या आणि डोकेदुखी बघून घरात परत तेच वाटणार, ‘इन्फेक्शन उलटलं.’

इथे तुम्ही म्हणाल, मग अंगणवाडीत तर दोन-दोन लाखांचा डोस पाजतात. बरोबर आहे. नवव्या महिन्याला एक लाख आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे नऊ डोस आपल्या सरकारी कार्यक्रमात असतात. तो डोस सहा महिन्यांची बेगमी म्हणून एकदाच दिला जातो, मोजून, कार्डावर नोंद करून. रोज देण्याशी त्याची तुलना होत नाही. आता जरा ते माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघा. हे डोस लिहिलेले असतील आणि मुलगी नीट खाती-पिती असेल, तर तिच्या अंगात एची तूट असण्याचं कारण मला दिसत नाही. कार्ड कोरं असेल, मूल फार रोडावलेलं असेल, तिन्हीसांजेला अंधारात अडखळत असेल, तर गोष्ट वेगळी. मग ए द्यायचं ते किडनीसाठी म्हणून नव्हे, कमतरता आहे म्हणून, आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने. ज्या मुलांच्या किडन्या आधीच कमी काम करतात, त्यांना तर ए स्वतःहून कधीच देऊ नये, त्यांच्या अंगातून ते नीट बाहेर पडत नाही.

सीबद्दल दोन शब्द, कारण ‘सीने काय होतंय’ असं सगळेच म्हणतात. जास्तीच्या सीचं शरीरात ऑक्झलेट होतं, आणि बहुतेक मुतखडे त्याचेच बनतात. त्याहून आजच्या आज अडचणीची गोष्ट म्हणजे लघवीची पट्टी. दवाखान्यात लघवीत पट्टी बुडवून जी झटपट तपासणी करतात, तिला सी फसवतं. लघवीत सी भरपूर असेल तर रक्त किंवा जंतूंची खूण असूनही पट्टी ‘नाही’ सांगू शकते. ज्या मुलीची लघवी पुढचे काही महिने वारंवार तपासावी लागणार आहे, तिला रोज ५०० मिलिग्रॅम सी देणं म्हणजे पहारेकऱ्याच्याच डोळ्यावर पट्टी बांधणं. आवळा, पेरू, लिंबू चालेल, खुशाल द्या. ईच्या त्या कॅप्सूल मोठ्या माणसांच्या मापाच्या आहेत. फोडून चेहऱ्याला लावतात त्याच ना? तुम्हीच लावा.

व्हिटॅमिन डीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ही पत्रं वाचणाऱ्या दुसऱ्या आयांसाठी सांगते. साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती चुकून रोज दिलेली, किंवा कुणी थांबवायला सांगितलं नाही म्हणून महिनोन्‌महिने चालू राहिलेली मुलं मी बघितली आहेत. रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूल सारखं पाणी मागतं, उलट्या करतं, शी घट्ट होते, आणि किडनीतच चुना साचू शकतो. किडनी वाचवायला दिलेल्या बाटलीने किडनीच धोक्यात.

डॉक्टरांनी ‘काही गरज नाही’ म्हणून विषय मिटवला, ते मला आवडलं नाही. मी त्याच धंद्यातली आहे म्हणून सांगते, ओपीडीत चाळीस मुलं बाहेर बसलेली असली की अशी वाक्यं तोंडातून निघतात. पुढच्या खेपेला चारही बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर मांडा. ‘व्हिटॅमिन देऊ का’ असं मोघम विचारू नका. असं विचारा: ‘हिला एची कमतरता आहे असं तुम्हाला वाटतं का? यातलं काय द्यायचं, किती आणि किती दिवस, ते लिहून द्या.’ लिहून द्यायची वेळ आली की माणूस थांबून विचार करतो. आणि त्यांनी स्वतः एचा छोटा कोर्स लिहून दिला तर घाबरू नका, तसं करणारे डॉक्टर आहेत. मोजून, थोडे दिवस, ते जबाबदार असताना दिलेलं ए आणि आपण फळीवरून काढून दिलेलं ए, यांत फरक आहे.

आता डागाचं. पहिल्यांदा तापाचं लघवीचं इन्फेक्शन झालेल्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरांच्या किडनीवर पुढे डाग आढळतो. पंच्याऐंशींच्या नाही. आणि ज्यांच्या असतो, त्यांतल्या बऱ्याच जणांचा लहानसा, एका बाजूला असतो. तेवढ्याने किडनी बंद पडत नाही. वर्षातून एकदा ब्लडप्रेशर आणि लघवी तपासत राहायचं. डागांनी किडनीचा मोठा भाग व्यापला किंवा दोन्ही बाजूंना असले तर पुढे ब्लडप्रेशरचा त्रास होऊ शकतो, म्हणून तर डॉक्टर स्कॅन करायला सांगतात. डीएमएसए म्हणतात त्याला. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात आणि दोन-तीन तासांनी किडनीचे फोटो काढतात. तो आत्ता काढला तर ताजी सूजही डागासारखी दिसेल, म्हणून चार-सहा महिने थांबायचं. हा काळ तुम्हाला छळणार आहे, ते मी नाकारत नाही.

पुढचं लिहिताना जरा हात अडतो. डाग पडू नये यासाठी कशाचा उपयोग होतो हे बघायला गेलं, तर व्हिटॅमिनपेक्षा घड्याळाकडे जास्त बोट जातं. ज्या मुलांच्या किडनीवर डाग राहिला त्यांचं अँटिबायोटिक ताप आल्यापासून साधारण ७२ तासांनी सुरू झालं होतं, ज्यांच्या राहिला नाही त्यांचं ४८ तासांनी, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. तुमच्याकडे चार दिवस गेले. मी हे दोष द्यायला सांगत नाही. सर्दी-खोकला नसलेल्या तापात लघवी तपासावी हे अनेक दवाखान्यांतही सुचत नाही. दोष द्यायचाच तर मी ‘उन्हाळी’ या शब्दाला देईन. छान, थंडगार शब्द आहे तो, वैशाखात उन्हातून फिरून आलेल्या मोठ्या माणसाला शोभतो. शहाळं पाजलं, जवाचं पाणी पाजलं की उतरते ती उन्हाळी. पण ताप असलेलं मूल ‘शू करताना दुखतं’ म्हणालं तर ती उन्हाळी नव्हे. धन्याचं पाणी द्या, पाणी पोटात जाणं चांगलंच, पण ते हातात घेऊन लॅबची वाट धरा.

स्वतःला काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. न दिलेल्या गोळीबद्दल काही सांगायची पाळी तुमच्यावर येणार नाही. पण पुढचे सहा महिने तुमच्या हातात बरंच आहे, कारण हे इन्फेक्शन उलटतं ते बहुधा याच काळात. पुन्हा ताप आला आणि नाक वाहत नसेल, तर पहिल्याच दिवशी लघवी तपासायला द्या, अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी. साध्या पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत. पॉटीतली ओतून घेतलेली नको. तासाभरात लॅबला पोचत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. नुसत्या ‘पस सेल्स’च्या (लघवीतल्या पू-पेशींच्या) आकड्यावर कुणी औषध लिहून देत असेल तर कल्चरही मागा. आणि घरात मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक असेल तर ते आजच टाकून द्या, अर्धवट डोस कल्चर बिघडवतो.

आणखी एक गोष्ट तिला विचारा, सहज, वेणी घालताना: शाळेत शू करतेस का? बऱ्याच मुली करत नाहीत. कडी लागत नाही, वास येतो, बाई तासाला सोडत नाहीत, लेगिंग काढायला वेळ लागतो, आणि मग सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत धरून ठेवलं जातं. भरलेल्या मूत्राशयात जंतूंना निवांत वेळ मिळतो. वर्गाच्या बाईंना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा: दर तीन तासांनी हिला सोडायचं, विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. घरी कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. पाय लोंबकळत असले की पूर्ण होत नाही. एकदा करून झाल्यावर मिनिटभर तिथेच गाणं म्हणायला लावून पुन्हा प्रयत्न करायला सांगा.

शी रोज होते का, मऊ होते का? तुम्ही पत्रात तिच्या दुधाबद्दल दोनदा लिहिलंय, दिवसाला चार कप, बिस्किटं बुडवून. माझी शंका तिथे आहे. आतड्यात खडा साचला की तो मूत्राशयावर दाबतो आणि लघवी पूर्ण होत नाही. दूध दोन कपांवर आणा, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका सुरू करा, आणि तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध घ्या. काही आठवडे लागतील. या एका गोष्टीने किती मुलींची इन्फेक्शनं थांबतात हे बघून मला अजूनही आश्चर्य वाटतं, आणि तिच्यावर कुणी बाटली विकत नाही. क्रॅनबेरीबद्दल विचारणार असाल तर: इन्फेक्शन पुन्हा होऊ नये यासाठी मुलांमध्ये तिचा उपयोग होतो असं २०२३ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) म्हटलंय, झालेलं इन्फेक्शन बरं करायला नाही. बाजारात मिळणाऱ्या ज्यूसमध्ये साखरच जास्त असते.

आणि ती पिवळीजर्द लघवी. ते सिरपमधलं बी-२ आहे, शरीराला नको असलेलं बाहेर पडतंय. सिरप थांबवा, एक-दोन दिवसांत रंग नेहमीसारखा होईल. नाही झाला, किंवा लघवी गढूळ, चहासारखी किंवा लालसर दिसली, तर ती डबीत घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.